एका रेणूमागे अख्खा अभ्यासक्रम

टी.वाय.बी.एस्सी.चा किंवा बी.फार्मचा निकाल लागला की ओझर, नारायणगाव, आळे या पट्ट्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो: पुढे काय? ‘ऑरगॅनिक घे, पुण्यात कंपन्या पुष्कळ आहेत,’ हा सल्ला शेजाऱ्यांपासून मामापर्यंत सगळे देतात. पण ऑरगॅनिक घेऊन दोन वर्षे करायचे काय, ‘ड्रग डिझाइन’च्या पेपरात असते काय, आणि वहीभर घोकलेल्या अभिक्रियांचा औषधाच्या गोळीशी संबंध काय, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

नुसती पेपरांची नावे वाचून ते कळतही नाही. म्हणून इथे एकाच औषधी रेणूचा माग काढू. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. कर्करोगावरच्या काही महत्त्वाच्या औषधांचा हा मूळ पुरुष. तो निवडण्याचे कारण असे की, त्याच्या शोधात नंदुरबारच्या माणसाचा वाटा आहे आणि तो रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडतो. अभ्यासक्रमातले पेपर वरवर सुटे सुटे दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक पेपर म्हणजे अशा रेणूने रसायनतज्ज्ञांना घातलेल्या एकेका कोड्याचे उत्तर आहे.

दोन वाटा

पहिली वाट बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर एम.एस्सी. ऑरगॅनिकची. दोन वर्षे, चार सेमिस्टर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आणि विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालये हा अभ्यासक्रम शिकवतात. अभिक्रिया कशा घडतात, रेणूची त्रिमितीय रचना म्हणजे स्टिरिओकेमिस्ट्री, स्पेक्ट्रोस्कोपी, संश्लेषणाची आखणी, नैसर्गिक पदार्थांचे रसायन आणि औषधी रसायनशास्त्र हा त्याचा गाभा.

दुसरी वाट बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांच्या बी.फार्मची. त्यासाठी जुन्नर तालुका सोडावा लागतोच असे नाही. आळे, बेल्हे इथे फार्मसी महाविद्यालये आहेत. पुढे जीपॅट देऊन फार्मास्युटिकल केमिस्ट्रीत एम.फार्म. करता येते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने आखलेल्या या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन पेपर असतात. त्यांच्या जोडीला अ‍ॅडव्हान्स्ड मेडिसिनल केमिस्ट्री, नैसर्गिक पदार्थ, स्पेक्ट्रल अ‍ॅनालिसिस, संगणकाच्या मदतीने औषधाची रचना आणि प्रोसेस केमिस्ट्री. दुसऱ्या वर्षाचा भर संशोधन प्रकल्पावर.

ढोबळ फरक असा: एम.एस्सी.चा विद्यार्थी रेणू बनवण्यात तयार होतो, एम.फार्मचा विद्यार्थी रेणू शरीरात गेल्यावर काय होते ते अधिक जाणतो. कंपनीत दोघे एकाच प्रकल्पावर बसतात. म्हणून कुठल्याही वाटेने जा, दुसऱ्या वाटेवरची निम्मी पुस्तके तरी वाचावीच लागतात.

नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून १९४७ मध्ये बी.एस्सी. आणि १९५० मध्ये एम.एस्सी. करून ते अमेरिकेला गेले. इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. घेतली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था तेव्हा हजारो वनस्पतींचे अर्क तपासून पाहत होती. त्यात एका चिनी झाडाचा, कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटाचा, अर्क उंदरांतल्या रक्ताच्या कर्करोगावर चांगला चालत होता. अर्कातला नेमका कोणता पदार्थ हे काम करतो, ते शोधायचे होते.

१९६६ मध्ये वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये याच जोडीने पॅसिफिक य्यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना मांडली. आज कर्करोगाच्या वॉर्डात पॅक्लिटॅक्सेल या नावाने जे औषध सलाईनमधून देतात, ते हेच. एका प्रयोगशाळेच्या नावावर असे दोन रेणू असणे ही दुर्मीळ गोष्ट. वाणी २०२० मध्ये वारले.

इकडे १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्याच्या झाडातून तोच रेणू वेगळा केला. महाबळेश्वर, आंबोलीच्या रानात हे झाड वाढते. चीनमधले झाड वेगळ्या कुळातले, सह्याद्रीतले वेगळ्या कुळातले, पण दोघांच्या पोटात रेणू एकच.

अर्कातून एक रेणू वेचणे

नैसर्गिक पदार्थांच्या पेपराचा हा पहिला धडा. झाडाच्या अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यातला उपयोगाचा कोणता, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून अर्काचे वेगवेगळ्या द्रावकांत भाग पाडायचे, प्रत्येक भागाची पेशींवर किंवा उंदरांवर चाचणी घ्यायची, जो भाग चालतो त्याचेच पुन्हा भाग पाडायचे आणि चाचणीचे बोट धरून शेवटच्या एका पदार्थापर्यंत पोचायचे.

प्रयोगशाळेत हे काम कसे दिसते ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकाचा पातळ थर दिलेली बोटभर रुंद पट्टी घ्यायची. खालच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर पेन्सिलीने हलकी रेघ ओढायची. पेनने ओढली तर शाईच द्रावकाबरोबर वर चढते. केशनळीने अर्काचा ठिपका टेकवायचा, वाळू द्यायचा आणि क्लोरोफॉर्ममध्ये थोडे मेथॅनॉल घातलेल्या झाकणाच्या बीकरमध्ये पट्टी उभी करायची. ठिपका द्रावकात बुडाला की प्रयोग वाया. द्रावक वर चढत जातो तसतसे पदार्थ आपापल्या वेगाने मागेपुढे राहतात. पट्टी काढून अंधाऱ्या पेटीत ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरली की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा चमकतो. विद्यार्थी याला ‘टीएलसी मारणे’ म्हणतात. ऑरगॅनिकची दोन वर्षे म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा टीएलसी मारणे. अभिक्रिया पुरी झाली का, कॉलममधून कोणती नळी हवी, माल शुद्ध आहे का, सगळ्याचे पहिले उत्तर तिथेच मिळते.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांसाठी इथे एक धोक्याची सूचना. आपल्या पश्चिम पट्ट्यात हिरडा भरपूर. बाळहिरडा वेचून वाळवणे हा तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचा रोख पैशाचा आधार आहे. साहजिकच प्रकल्पासाठी ‘हिरड्याच्या अर्काची क्रिया’ हा विषय पुष्कळांना सुचतो. पण हिरड्यात टॅनिनचे प्रमाण मोठे. चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ल ही त्यातलीच नावे. टॅनिन जवळजवळ कुठल्याही प्रथिनाला चिकटते. परीक्षानळीतले एन्झाइम बंद पडले की वाटते औषध सापडले. खरे तर टॅनिनने प्रथिनाला नुसते गुंडाळलेले असते. म्हणूनच वनस्पतींचे अर्क तपासताना टॅनिन आधी बाजूला काढण्याची पद्धत आहे, आणि वॉल-वाणींच्या प्रयोगशाळेनेही त्यावर मुद्दाम काम केले होते. हिरडा जरूर घ्या, पण टॅनिन काढल्यावरही क्रिया टिकते का, हे दाखवणारी नळी शेजारी ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

न दिसणाऱ्याची रचना

पदार्थ शुद्ध झाला, पुढे? पांढऱ्या-पिवळ्या भुकटीकडे पाहून रचना कळत नाही. इथे स्पेक्ट्रोस्कोपी येते. मास स्पेक्ट्रमवरून रेणुभार कळतो: कॅम्प्टोथेसिनचा सुमारे ३४८. त्यात २० कार्बन, १६ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ४ ऑक्सिजन बसतात. इन्फ्रारेडमध्ये १७५० च्या आसपास लॅक्टोनच्या कार्बोनिलची खूण दिसते, तर १६५५ च्या आसपास पायरिडोनची. प्रोटॉन एनएमआरमध्ये ०.९ पीपीएमजवळ तीन शिखरांचा छोटा गट दिसला की समजायचे, एका मेथिलच्या शेजारी दोन हायड्रोजनवाला कार्बन आहे, म्हणजे एथिल गट.

असे तुकडे जुळवत गेले की पाच वलयांचा सपाट सांगाडा उभा राहतो. डावीकडून त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात. पहिली चार वलये एका पातळीत, आणि शेवटचे ई वलय म्हणजे लॅक्टोन. या रेणूचा जीव तिथे आहे. १९६६ मध्ये शेवटची खात्री क्ष-किरणांनी झाली. रेणूला आयोडीन असलेला गट जोडून त्याचे स्फटिक बनवले, कारण आयोडीनसारखा जड अणू क्ष-किरण चित्रात लगेच उठून दिसतो आणि त्याच्या आधाराने बाकीचे अणू जागेवर बसवता येतात.

स्पेक्ट्राचा पेपर पाठांतराने सुटत नाही. रोज एक-दोन अनोळखी स्पेक्ट्रा घेऊन कागदावर सोडवत राहणे, हा एकच उपाय.

उजवा आणि डावा

कॅम्प्टोथेसिनच्या विसाव्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत. त्यामुळे हा रेणू दोन रूपांत असू शकतो, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखा. झाडात मिळणारे रूप ‘एस’. त्याचा आरशातला भाऊ ‘आर’ प्रयोगशाळेत बनवून पाहिला तर औषध म्हणून जवळजवळ निकामी. अणू तेवढेच, बंध तेच, फक्त एका ठिकाणची मांडणी उलटी.

ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे वेगळ्या नावाने माहीत आहे. केवड्यासाठी फवारतात त्या मेटॅलॅक्झिलमध्ये दोन्ही रूपांचे मिश्रण असते आणि बुरशीवर काम करणारे रूप मुख्यत्वे एकच, ‘आर’. तेच रूप वेगळे काढून ‘मेटॅलॅक्झिल-एम’ आले आणि निम्म्या मात्रेत काम भागू लागले. घरातल्या औषधांच्या डब्यात लिव्होसेटिरिझिनची पट्टी असेल तर तीही सेटिरिझिनच्या दोन रूपांपैकी एक. स्टिरिओकेमिस्ट्रीच्या पेपरात आर आणि एस ठरवण्याचे नियम रुक्ष वाटतात. बाहेर त्यांच्यावर पेटंट, मात्रा आणि दुष्परिणाम ठरतात.

चांगला रेणू, फसलेले औषध

पेशींवर जोरदार चालणारे कॅम्प्टोथेसिन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांपर्यंत पोचले, आणि आपटले. कारण औषधी रसायनशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगावे असे आहे.

हा रेणू पाण्यात विरघळत नाही. शिरेतून द्यायचा तर विरघळायला हवा. म्हणून अल्कलीने ई वलय उघडून त्याचे सोडियम क्षार बनवले; ते पाण्यात छान विरघळले. पण औषधाची ताकद त्या बंद लॅक्टोन वलयातच होती. वलय उघडले आणि ताकद गेली. एवढ्यावर थांबले नाही. लघवी आम्लधर्मी असते. तिथे पोचल्यावर वलय पुन्हा मिटले, रेणू पुन्हा जहाल झाला आणि रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊन रक्तस्राव होऊ लागला. गाठीजवळ बोथट आणि मूत्राशयात धारदार, अशी उलटी तऱ्हा. चाचण्या थांबल्या.

बी.एस्सी.च्या पुस्तकात ‘लॅक्टोनचे अल्कलीत जलविघटन’ ही दोन ओळींची अभिक्रिया असते. तीच रक्ताच्या ७.४ पीएचला घडते, आणि रक्तातले अल्ब्युमिन उघडलेल्या रूपाला धरून ठेवत असल्याने तोल आणखी त्या बाजूला झुकतो. अभिक्रिया फ्लास्कमध्ये घडते तशीच माणसातही घडते, हे एकदा ध्यानात आले की ऑरगॅनिकचे पुस्तक वेगळ्या नजरेने वाचले जाते.

लक्ष्य सापडले

दहा-बारा वर्षे हा रेणू मागे पडला होता. १९८५ मध्ये लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवले की तो पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडकवतो. हे एन्झाइम काय करते? डीएनएची नक्कल होताना त्याचे दोन धागे उलगडावे लागतात. पिळलेल्या दोराचे दोन पदर मधूनच सोडवू गेले की पुढे पीळ आणखी घट्ट होतो, तसेच डीएनएचे होते. टोपोआयसोमरेज एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते आणि कापलेला धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापणे आणि जोडणे यांच्या मधल्या क्षणी कापल्या जागेत शिरून बसते. धागा जोडला जात नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, डीएनए तुटते आणि पेशी मरते. वेगाने वाढणाऱ्या पेशी सतत नक्कल करत असतात, म्हणून तडाखा त्यांना जास्त बसतो.

औषध कुठे बसते ते कळले आणि कामाला दिशा आली. रेणूचा कोणता भाग एन्झाइमशी भिडतो आणि कोणता भाग बाहेर मोकळा राहतो, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला.

कुठे हात लावायचा, कुठे नाही

ड्रग डिझाइनचे सार या मथळ्यात आहे. रेणूत एकेका जागी छोटे बदल करून शेकडो नमुने बनवायचे आणि प्रत्येकाची क्रिया मोजायची. यातून रचना आणि क्रिया यांचा हिशोब मिळतो. कॅम्प्टोथेसिनचा हिशोब असा निघाला: ई वलयाला आणि विसाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलला हात लावू नका, ७, ९ आणि १० या जागी, म्हणजे दुसऱ्या टोकाला, हवे ते करून पाहा. या कामात वाणींच्या गटाने बनवलेल्या नमुन्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी क्विनोलीनचे वलय उभारायला फ्रीडलेंडर संघनन वापरले. परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून येते तेच.

मोकळ्या टोकावर दोन डाव यशस्वी ठरले.

पहिला टोपोटेकॅन. १० व्या जागी हायड्रॉक्सिल असलेल्या कॅम्प्टोथेसिनवर फॉर्मल्डिहाइड आणि डायमेथिलअमाइन यांची अभिक्रिया केली की ९ व्या जागी अमाइनचा गट बसतो. ही सरळ मॅनिच अभिक्रिया. अमाइन आम्लाशी क्षार बनवते, क्षार पाण्यात विरघळतो आणि ई वलय उघडण्याची गरजच उरत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली.

दुसरा इरिनोटेकॅन, आणि तो बनवला जपानच्या याकुल्ट कंपनीने. बाजारात छोट्या बाटल्यांत आंबवलेले दुधाचे पेय विकते तीच. त्यांनी ७ व्या जागी एथिल बसवला. त्यासाठी गंधकाम्लात प्रोपिऑनल्डिहाइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस सल्फेट वापरले. मग १० व्या जागी कार्बामेटच्या दुव्याने दोन पिपेरिडिन वलयांची पाण्यात विरघळणारी शेपटी जोडली. ही शेपटी असताना औषध जवळपास निष्क्रिय असते. शरीरातले कार्बॉक्सिलएस्टरेज एन्झाइम ती कापते आणि एसएन-३८ नावाचा, शेकडो पटींनी तीव्र रेणू मोकळा होतो. अशा औषधाला प्रोड्रग म्हणतात. इरिनोटेकॅनला जपानमध्ये १९९४ मध्ये, अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते आजही वापरले जाते.

पण शरीरही आपले रसायनशास्त्र चालवतेच. यकृत एसएन-३८ ला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून पित्तावाटे आतड्यात ढकलते. आतड्यातले जिवाणू ती जोडणी तोडतात, औषध पुन्हा मोकळे होते आणि रुग्णाला तीव्र जुलाब लागतात. ज्यांच्यात ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडणारे एन्झाइम जन्मतः मंद असते, त्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. म्हणून औषधाच्या चयापचयाचा धडा ‘ऑप्शनला’ टाकू नका. डॉक्टरने मात्रा कमी का केली, त्याचे उत्तर त्यात असते.

गोष्ट अजून चालूच आहे. याच घराण्यातला एक रेणू प्रतिपिंडाला बांधून थेट गाठीपर्यंत नेणारे औषध, ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन, २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झाले.

संगणकाचे काम किती

‘आता सगळे संगणकच करतो’ हा गैरसमज घेऊन पुष्कळजण या पेपराला बसतात. डॉकिंग म्हणजे एन्झाइमच्या त्रिमितीय चित्रात रेणू वेगवेगळ्या पद्धतींनी बसवून कोणता नीट बसतो याचे गुण काढणे. त्यासाठी मोफत प्रणाली आहेत आणि साध्या लॅपटॉपवरही काम सुरू करता येते. ओझरात घरी बसून शिकता येईल असा या क्षेत्राचा हा एक भाग आहे. मोठ्या गणितांसाठी महासंगणक लागतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला. त्याच मालिकेतला परम ब्रह्म आज पुण्याच्या आयसरमध्ये आहे.

मर्यादाही कॅम्प्टोथेसिनच शिकवते. ते एकट्या एन्झाइमला नीट चिकटत नाही, एकट्या डीएनएलाही नाही. कापलेले डीएनए आणि एन्झाइम यांच्या सांध्यातच ते बसते. नुसते प्रथिन घेऊन डॉकिंग केले तर गुण येतील, रंगीत चित्रही छान येईल, पण अर्थ काही नसेल. टोपोटेकॅन या सांध्यात बसलेले असतानाचे स्फटिक-चित्र २००२ मध्ये मिळाले आणि त्यानंतर हिशोब भरवशाचा झाला.

तीच गत लिपिन्स्कींच्या नियमांची. तोंडाने घ्यायचे औषध आतड्यातून शोषले जावे म्हणून रेणुभार ५०० च्या आत असावा वगैरे चार अटी १९९७ मध्ये मांडल्या गेल्या. कॅम्प्टोथेसिन त्या सगळ्या पाळते आणि औषध म्हणून फसते. इरिनोटेकॅनचा रेणुभार ५८६, आणि ते शिरेतून दिले जाते म्हणून चालते. नियम कशासाठी केला होता हे विसरून तो लावला की चूक होते.

झाड तोडायचे की रेणू बांधायचा

अभ्यासक्रमात याला संश्लेषण आणि प्रोसेस केमिस्ट्री म्हणतात. पहिले पूर्ण संश्लेषण १९७१ मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क आणि आर्थर शुल्ट्झ यांनी केले. त्यानंतर अनेक सुंदर मार्ग निघाले. हवा तो रेणू डोळ्यांपुढे ठेवून उलट दिशेने कोणता बंध तोडता येईल असा विचार करत साध्या कच्च्या मालापर्यंत मागे येणे, याला रेट्रोसिंथेसिस म्हणतात. कागद-पेन्सिलीने खेळायचा हा खेळ एम.एस्सी.तला सर्वांत रंगतदार भाग.

कागदावरचा सुंदर मार्ग कारखान्यात परवडतोच असे नाही. त्यामुळे या औषधांसाठी झाडातून मिळालेले कॅम्प्टोथेसिन घेऊन त्यावर पुढच्या पायऱ्या करण्याची पद्धत रुळली. त्याची किंमत सह्याद्रीने मोजली. नरक्याच्या सुक्या लाकडात हा पदार्थ शेकडा एक भागही नसतो. त्यामुळे झाडेच्या झाडे तोडली गेली, तस्करीच्या बातम्या येत राहिल्या. झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतून तो रेणू मिळवण्याचेही प्रयत्न भारतात झाले. जंगल वाचवायचे तर प्रयोगशाळेतली एखादी पायरी स्वस्त करणे, हाही त्यातला एक मार्ग आहे.

प्रोसेस केमिस्ट्री हे भारतीय रसायनतज्ज्ञांचे बलस्थान. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून लागू झाला, औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारले आणि फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवले. तोच रेणू वेगळ्या मार्गाने बनवायला मोकळीक मिळाली. सिप्लासारख्या मुंबईच्या कंपन्या, पुण्याच्या पाषाणमधली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आजची आयसीटी यांच्यात हे कसब वाढले. २००५ पासून रेणूवरचे पेटंट पुन्हा आले, पण ते कसब राहिले. एड्सच्या औषधांची किंमत जगभर खाली आली त्यात त्याचा हात आहे.

प्रवेश, परीक्षा, नोकरी

एम.एस्सी.साठी विद्यापीठाची प्रवेशपद्धत पाहावी. आयआयटीत जायचे तर जॅम द्यावी. एम.फार्मसाठी जीपॅट, आणि राज्याबाहेरच्या नायपर संस्थांसाठी त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा. संशोधनाची शिष्यवृत्ती हवी तर सीएसआयआर-यूजीसी नेट. महाविद्यालयात शिकवायचे तर नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेते.

नोकऱ्यांबाबत मोकळेपणाने सांगायला हवे. नवा रेणू शोधण्याचे काम थोड्याच जागी चालते, आणि तिथे बहुधा पीएच.डी. मागतात. बहुसंख्य मुले गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन किंवा प्रक्रिया विकास या विभागांत लागतात. पुण्याजवळ नांद्यात ल्युपिनचे संशोधन केंद्र आहे, हिंजवडीत एमक्युअर. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. कुरकुंभसारख्या ठिकाणी पाळ्या असतात, द्रावकांचा वास असतो, आणि हातमोजे-चष्मा न घालणाऱ्याची गय केली जात नाही. मुलाखतीत पहिल्यांदा विचारतात ते प्रकल्पाबद्दल: हा द्रावक का घेतला, उतारा किती मिळाला, शुद्धता कशावरून ठरवली. ज्याने प्रकल्प स्वतःच्या हाताने केला आहे त्याला उत्तरे शोधावी लागत नाहीत. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. प्रयोगशाळेत रोटाव्हॅप चालू आहे का, विद्यार्थ्यांना एनएमआर कुठून करून मिळतो आणि ग्रंथालयात संशोधनपत्रिका उघडतात का, हे विचारा.

निर्णयाआधी एक चाचणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातले कुठलेही एक औषध निवडा. पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, काहीही. वहीच्या पाच पानांवर पाच प्रश्न लिहा. रचना काय आणि ती कशी सिद्ध होते? त्याला आरशातले दुसरे रूप आहे का? शरीरात ते कुठे बसते? यकृत त्याचे काय करते? आणि ते स्वस्तात बनवायचे तर कशापासून सुरुवात करायची? उत्तरे पुस्तकांत मिळतात. शोधायला आठवडा-दोन आठवडे जातील.

हे करताना जेवणाची वेळ टळली तरी लक्षात आले नाही, तर ऑरगॅनिक किंवा फार्मास्युटिकल केमिस्ट्री बिनधास्त घ्या. तिसऱ्या पानावरच कंटाळा आला, तर अ‍ॅनालिटिकलकडे वळण्यात कमीपणा नाही. औषध कंपन्यांना त्याही माणसांची तितकीच गरज असते, आणि मनाविरुद्ध घेतलेल्या विषयात दोन वर्षे काढण्यापेक्षा ते शतपटीने बरे.